न्यूझीलंडला भाड्याची गाडी चालवायचीये? मला सतत विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा आम्ही दोघंच, दिवाळीच्या सुट्टीत. दुसऱ्यांदा मे महिन्यात सासू-सासरे आणि दोन पोरं घेऊन, म्हणजे सहा माणसं आणि त्यांच्या बॅगा. दोन्ही वेळा साउथ आयलंड, दोन्ही वेळा गाडी मीच चालवली, बायकोने मधेमधे. तेव्हापासून कुठल्याही लग्नामुंजीत जेवणाच्या पंगतीत कोणीतरी शेजारी येऊन बसतं आणि "अरे ते तुझं न्यूझीलंडचं जरा सांग ना" सुरू होतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. डॉलर म्हटलं की तिथले डॉलर समजा, अमेरिकेचे नाही.

आपलं लायसन्स चालतं का? इंटरनॅशनल परमिट काढावं लागतं का?

चालतं. आपलं स्मार्ट कार्डवालं लायसन्स इंग्रजीत असतं, त्यामुळे न्यूझीलंडला वेगळं भाषांतर लागत नाही आणि टूरिस्टच्या मुक्कामाला पुरून उरेल इतका काळ ते चालतं. पण खरं कार्ड खिशात पाहिजे हां. फोनमधलं डिजिलॉकर दाखवून आपल्या ट्रॅफिक हवालदाराला पटवता येतं, तिथल्या काउंटरवरच्या मुलीला नाही. जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल, हाताने लिहिलेलं, फोटो अर्धा उडालेला, तर जायच्या आधी कार्ड करून घ्या.

परमिटबद्दल माझं मत असं की काढून ठेवा. आरटीओतून मिळतं, सारथी पोर्टलवर अर्ज, हजार रुपये फी, एक वर्ष चालतं. काही रेंटल कंपन्यांचे लोक उगाच मागतात, आणि इतका लांबचा प्रवास करून आल्यावर काउंटरवर वाद घालायची ताकद नसते. फक्त परमिट म्हणजे लायसन्स नव्हे, दोन्ही एकत्र न्यायचं. आमच्या ओळखीतला एकजण नुसतं परमिट घेऊन गेला, लायसन्स घरी कपाटात. मग काय, बसने फिरला.

स्टिअरिंग उजवीकडेच आहे, गाड्या डावीकडूनच चालतात, मग आपल्याला सोपंच ना?

हाच तर घोटाळा आहे. युरोप-अमेरिकेत जाणारा माणूस घाबरून चालवतो, कारण सगळं उलटं असतं. इथे सगळं ओळखीचं दिसतं, म्हणून आपण पुण्यातल्यासारखे आरामात बसतो आणि सवयी आपल्या तशाच राहतात. दिशा तीच आहे, सवयी वेगळ्या आहेत.

उदाहरणार्थ फ्री लेफ्ट. सिग्नल लाल असेल तर डावीकडेसुद्धा वळायचं नाही, हिरवा होईपर्यंत गप उभं राहायचं. मी पहिल्याच दिवशी क्राइस्टचर्चमध्ये वळायला गाडी अर्धी पुढे काढली होती आणि बायको ओरडली म्हणून वाचलो. मग स्टॉपचा बोर्ड. तिथे रस्ता मैलभर मोकळा दिसत असला तरी चाक पूर्ण थांबलं पाहिजे, आपल्यासारखं हळू करून सटकणं नाही. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्यायचा. आपल्याकडे चौकातल्या सर्कलला जो आधी घुसेल तो राजा, तिथे तसं केलंत तर समोरचा हॉर्न वाजवणार नाही, फक्त असा बघेल की ते जास्त लागतं.

आणि डिपर! आपल्याकडे समोरच्याने लाइट मारले की अर्थ "मी येतोय, तू थांब". तिथे बहुतेक वेळा अर्थ "तू जा रे बाबा". पहिले दोन दिवस मी आणि समोरचा दोघंही थांबून एकमेकांकडे बघत बसायचो.

हॉर्नबद्दल वेगळं सांगायला नको. दोन ट्रिपमध्ये मिळून मी एकदा वाजवला, तोही मेंढ्यांसाठी.

दहा दिवस आहेत, साउथ आयलंड पूर्ण होईल का? रोज किती किलोमीटर धरायचे?

किलोमीटर धरूच नका, तास धरा. सगळ्यात जास्त लोक इथेच गंडतात. घरी बसून मॅपवर बघतात, वानाका ते फ्रान्झ जोसेफ दोनशे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, म्हणतात पुणे-नाशिकपेक्षा थोडंसं जास्त, चार तासांत पोचू, दुपारी ग्लेशियर बघू. अहो, तो हास्ट पासचा रस्ता आहे. एकपदरी जाणं-येणं, वळणं, एका लेनचे पूल, आणि दर पंधरा मिनिटांनी गाडीतून कोणीतरी "थांबव थांबव, फोटो!" ओरडतं. आम्ही सकाळी नऊला निघालो आणि संध्याकाळी पाचला पोचलो, आणि त्यात आम्ही काही आळशीपणा केला नव्हता.

मोकळ्या रस्त्यावर लिमिट ताशी १०० आहे, गावात साधारण ५०. पण १०० हे लिमिट आहे, टार्गेट नाही. वळणाच्या आधी पिवळ्या बोर्डवर ३५, ४५, ६५ असे आकडे असतात, ते सल्ला म्हणून लिहिलेले असले तरी खरे असतात. ३५ लिहिलंय तिथे ५० ने जाऊन बघा, मागे बसलेल्या सासूबाई देवाचं नाव घेतील. ताम्हिणीत आपण कसं चालवतो तसं चालवायचं, एक्स्प्रेसवेसारखं नाही.

माझा हिशोब: दिवसाला चार तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग नको, आणि मॅपने सांगितलेल्या वेळेत निम्मी वेळ अजून मिळवायची. दहा दिवसांत क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, टे अनाऊ, मिलफर्ड आणि परत इतकं नीट होतं. वेस्ट कोस्ट त्यात कोंबायला गेलात तर गाडीच्या काचेतून बघाल सगळं.

आणि उतरल्या दिवशी लांब गाडी चालवू नका, प्लीज. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा ते साडेसात तास पुढे असतं, म्हणजे तिकडची सकाळ ही आपल्या शरीराची मध्यरात्र. पहिली रात्र विमानतळाजवळ झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी उचला. एका दिवसाचं भाडंही वाचतं.

गाडी कुठली घ्यावी?

ऑटोमॅटिक. यावर चर्चा नको. रस्ता, नियम, मॅप, मागची भांडणं एवढं सगळं असताना गिअर कशाला.

साइझचं असं की वेबसाइटवर "सात सीटर" लिहिलेलं असतं ते सात माणसांसाठी, सात माणसांच्या बॅगांसाठी नाही. तिसरी रांग उघडली की डिकीत दोन सॅक आणि एक छत्री एवढीच जागा उरते. आम्ही सहाजण सात सीटर घेऊन निघालो आणि पहिल्या दिवशी माझ्या मुलाच्या मांडीवर खाकऱ्याचा डबा आणि पायाखाली सासऱ्यांची बॅग. शेवटी दोन मोठ्या बॅगा क्राइस्टचर्चच्या हॉटेलात ठेवून गेलो, परत तिथेच यायचं होतं म्हणून जमलं. सहा माणसं असतील तर एकतर मोठी व्हॅन घ्या, नाहीतर कडक बॅगांऐवजी मऊ बॅगा न्या.

युरोपियन गाडी मिळाली तर इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, आणि तुम्ही वळताना वायपर चालू कराल. सगळे करतात. जपानी गाड्यांमध्ये बऱ्याचदा आपल्यासारखी उजवीकडे असते.

इन्शुरन्सचं नीट समजावून सांगा. एक्सेस म्हणजे काय?

गाडीच्या भाड्यात बेसिक इन्शुरन्स असतो. पण काही झालं तर पहिले अमुक डॉलर तुमच्या खिशातून, त्याच्या वरचे इन्शुरन्सचे. हे अमुक डॉलर म्हणजे एक्सेस. बेसिकमध्ये तो आकडा काही हजार डॉलरचा असू शकतो, म्हणजे रुपयात मोजलंत तर ट्रिपची मजा तिथेच संपली. आणि चूक तुमची नसली, पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकून पळून गेला, तरी आधी तुमच्याच कार्डावरून कापतात.

हा एक्सेस शून्यावर आणायचे दोन रस्ते. एक, रेंटल कंपनीचंच झिरो एक्सेस पॅकेज घ्यायचं, रोजचे जास्तीचे पैसे भरून. महाग वाटतं पण काही झालं तर चावी देऊन निघून यायचं. दोन, बाहेरून वेगळा एक्सेस इन्शुरन्स घ्यायचा, तो स्वस्त पडतो, पण त्यात पैसे आधी तुम्ही भरायचे आणि मग घरी येऊन कागद पाठवत बसायचं. मी पहिल्या ट्रिपला दुसरा रस्ता घेतला, दुसऱ्या ट्रिपला पहिला. परत गेलो तर पहिलाच घेईन.

का ते सांगतो. पहिल्या ट्रिपला समोरून आलेल्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली आणि काचेला मुगाच्या डाळीएवढा टवका. बस्स, तेवढंच. गाडी परत दिल्यावर कंपनीने (नाव नाही घेत) पूर्ण काच बदलायचे पैसे लावले, आणि माझ्या स्वस्त पॉलिसीत काच आणि टायर कव्हरच नव्हते. ते खालच्या बारीक अक्षरात होतं, ते मी परत आल्यावर वाचलं. त्यामुळे पॉलिसीत हे शब्द शोधा: काच, टायर, गाडीची खालची बाजू, चावी हरवणं, चुकीचं इंधन. हे पाच कव्हर असतील तर झोप लागेल.

अजून एक. इन्शुरन्स फक्त करारात नाव असलेल्या ड्रायव्हरला लागू होतो. "पाच मिनिटं भाऊजींना चालवू दे" असं अजिबात नाही, आधी त्यांचं नाव घाला. आणि काही रस्त्यांवर इन्शुरन्स चालतच नाही, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन रोड आणि नॉर्थ आयलंडचा नाइन्टी माइल बीच ही नेहमीची नावं. करारात यादी असते. पाण्यातून गाडी घालणं हाही प्रकार त्यातच.

डिपॉझिट किती कापतात? फोरेक्स कार्ड चालेल ना?

बहुतेक ठिकाणी मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं खरं क्रेडिट कार्डच लागतं, फोरेक्स कार्डवर अडतं. झिरो एक्सेस घेतला असेल तर छोटी रक्कम अडकवून ठेवतात, बेसिक असेल तर मोठी. ती रक्कम जात नाही पण लिमिट खाते, आणि सुटायला दिवस लागतात, त्यामुळे हॉटेलचे पैसे त्याच कार्डावरून द्यायचे असतील तर लिमिट आधी बघून ठेवा. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करायला विसरू नका, आपल्या बँका ते बंदच ठेवतात.

मशिनवर "रुपयात भरणार की डॉलरमध्ये" असं विचारलं तर डॉलर. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, पण तो रेट त्यांचा असतो.

एका लेनच्या पुलावर कोणी आधी जायचं?

साउथ आयलंडला, खासकरून वेस्ट कोस्टला, हायवेवरसुद्धा असे पूल खूप आहेत. पुलाच्या आधी बोर्ड असतो. गोल बोर्ड, लाल कडा, आणि तुमच्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर तुम्ही थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. निळा चौकोनी बोर्ड आणि तुमच्या दिशेचा बाण पांढरा मोठा असेल तर मान तुमचा. पण मान तुमचा असला तरी समोरचा आधीच पुलावर असेल तर थांबा, तो काही उडून जाणार नाहीये.

आम्ही पोरांना कामाला लावलं होतं, जो आधी बोर्ड बघून "आपण!" किंवा "ते!" ओरडेल त्याला पॉइंट. हास्ट नदीवरचा पूल असाच एका लेनचा, आणि जवळपास पाऊण किलोमीटर लांब आहे, मधेमधे बाजूला व्हायला जागा केलेली आहे. तिथे समोरून कॅम्परव्हॅन आली तेव्हा सासरे म्हणाले, "वरंधा घाटात एसटी आल्यासारखं वाटतंय." अगदी तेच फीलिंग. फक्त इथे दोघंही थांबून हात दाखवतात.

मी हळू चालवतो, मागे लाइन लागली तर?

बाजू द्या. लाज वाटून घेऊ नका आणि इगोही नको. रस्त्याच्या कडेला स्लो व्हेइकल बे असतात, किंवा कुठेही सुरक्षित मोकळी जागा दिसली की इंडिकेटर देऊन बाजूला व्हा, चार गाड्या जाऊ द्या, ते हात करतात, आपण हात करायचा. टूरिस्ट लोक डोंगर बघत साठने चाललेत आणि मागे दहा लोकल गाड्या अडकल्यात, हे तिथल्या लोकांचं रोजचं दुखणं आहे, आणि मग कोणीतरी वैतागून नको तिथे ओव्हरटेक करतो.

तुम्हाला ओव्हरटेक करायचा असेल तर तुमच्या बाजूला सलग पिवळी रेघ असताना करायचा नाही. पुढे पासिंग लेन येते, किती पुढे ते बोर्डवर लिहिलेलं असतं, तेवढा धीर धरा.

फोटोसाठी थांबायचं तर रस्ता सोडून पूर्ण बाहेर. लेक पुकाकीच्या काठाने जाताना समोर माउंट कुक दिसतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो, मागच्याचा विचार न करता. तिथे थांबायला मोठ्या जागा केल्यात, त्या वापरा.

मिलफर्ड साउंड क्वीन्सटाउनहून एका दिवसात स्वतः चालवून होतं का?

होतं, पण करू नका. एका बाजूला जवळपास २९० किलोमीटर, न थांबता चार तास, म्हणजे जाऊन-येऊन आठ, मधे दोन तासांची बोट. संध्याकाळी परत येताना दमलेला ड्रायव्हर आणि अंधार. टे अनाऊला रात्र काढा, तिथून मिलफर्ड साधारण १२० किलोमीटर राहतं. किंवा त्या एका दिवसापुरतं बसने जा, ड्रायव्हरलाही खिडकीबाहेर बघायला मिळू दे की.

टे अनाऊला टाकी फुल करून निघा. पुढच्या रस्त्यावर होमर टनेल लागतो, सव्वा किलोमीटरच्या आसपास, १९५४ साली सुरू झालेला, आत चांगलाच उतार, बोगद्याच्या भिंती कच्च्या दगडाच्या आणि पाणी गळत असतं. गर्दीच्या सीझनला तिथे सिग्नल असतो, एकावेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. रस्त्यावर हिमस्खलनाचा भाग आहे, "थांबू नका" असे बोर्ड आहेत, तिथे खरंच थांबायचं नाही, कितीही भारी फोटो येत असला तरी.

पावसाची तक्रार करायची नाही. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा. उलट पाऊस असला तर कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. आम्हाला दोनदा दोन्ही मिळालं, ऊन आणि पाऊस, आणि पावसातलं जास्त लक्षात आहे.

आम्हाला मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच जमतो. चालेल का?

चालेल, गर्दी कमी, गाडी आणि हॉटेल स्वस्त. पण आपला मे म्हणजे त्यांच्या हिवाळ्याचं दार. क्वीन्सटाउनला मेच्या मध्यावर सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि पाच-सव्वापाचला मावळतो. म्हणजे गाडी चालवायला उजेडाचे नऊ तास, त्यात जेवण, फोटो, सू-सू सगळं. म्हणून वर म्हटलं ना, तास मोजा.

सकाळी सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर बर्फाचा पातळ थर असतो, डांबर नुसतं ओलं दिसतं आणि गाडी सरकते. आठच्या आधी निघायचा हट्ट करू नका, दहाला निघा, ऊन पडू दे. ब्रेक जोरात मारायचा नाही, समोरच्या गाडीपासून एरवीपेक्षा दुप्पट अंतर. मिलफर्ड रोडवर हिवाळ्यात बर्फात चाकांवर लावायच्या साखळ्या गाडीत ठेवायला लागतात, तसा बोर्ड असतो. त्या रेंटलवाल्याकडून घ्या आणि त्याच्यासमोर पार्किंगमध्ये एकदा लावून बघा. बर्फात, हातमोजे घालून, पहिल्यांदा सूचना वाचत बसणं हा काय प्रकार असतो ते मला माहितीये.

वानाका आणि क्वीन्सटाउनच्या मधे क्राउन रेंजचा रस्ता आहे, हजार मीटरच्या वर चढतो, जवळचा आणि सुंदर. बर्फ असेल तर क्रॉमवेलवरून जा. थोडं लांब पडतं, पण सरळ.

निघायच्या आधी रोज सकाळी तिथल्या वाका कोताही या रस्ते खात्याच्या साइटवर रस्ता चालू आहे का बघायचं. डोंगरी देश आहे, दरडी पडतात. २०१६ च्या भूकंपानंतर कायकोराचा हायवे वर्षभर बंद होता.

पेट्रोल की डिझेल?

साध्या गाडीला पेट्रोल, बहुतेक वेळा ९१ नंबरचं, झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. डिझेल पंपावर स्वस्त दिसतं पण डिझेल गाड्यांना किलोमीटरमागे वेगळा रोड टॅक्स असतो आणि रेंटलवाले तो तुमच्याकडून घेतात, म्हणून "डिझेल किती स्वस्त आहे बघ" म्हणून हुरळू नका. भरायचं स्वतःच. कोणी "शून्य बघा साहेब" म्हणायला येत नाही. वेस्ट कोस्टला पंप लांब लांब आहेत, अर्धी टाकी झाली की भरायची हा नियम ठेवा.

लहान मुलांना मांडीवर घेतलं तर चालतं का?

नाही. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची आहे, आणि मागे बसलेल्या सगळ्यांना बेल्ट, आजी-आजोबांनासुद्धा. सीट गाडीबरोबर भाड्याने घ्या, बुकिंग करतानाच सांगा. इथून न्यायच्या भानगडीत पडू नका, त्यांच्या मान्य स्टँडर्डची नसेल तर उपयोग नाही.

घाटात गाडी लागणाऱ्या पोरांसाठी आल्याची वडी विमानतळावरून आत नेता आली, पण डिक्लेअर करून. त्यावरून पुढचा प्रश्न.

फराळ, मसाले नेता येतात का?

हा गाडीचा प्रश्न नाही पण सगळे विचारतातच. देशात शिरताना भरायच्या डिक्लेरेशनमध्ये, खाण्याचं काहीही असेल तर "हो" लिहा. काहीही. न सांगता काही सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड, बॅगेत विसरलेल्या एका सफरचंदालाही. आम्ही सगळं वेगळ्या पिशवीत वर ठेवलं, यादी केली, "हे चकली, हे भाजणीचं पीठ, हे मेतकूट." ऑफिसरने मेतकूट हुंगलं, हसला, दिलं परत. सासूबाईंचं घरचं तूप आणि मेथीदाणे मात्र ठेवून घेतले. लपवलं असतं तर त्या तुपाचा भाव सोन्यापेक्षा वर गेला असता.

मोबाइलची रेंज?

गावात छान, मधे ठणठण. हास्टच्या पट्ट्यात आणि मिलफर्ड रोडवर तास-तास रेंज नसते. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, हॉटेलचा पत्ता आणि बुकिंग नंबर कागदावर लिहा. चालवताना फोन हातात घेणं गुन्हा आहे, दंड १५० डॉलर. होल्डर इथून नेला तर बरं.

पोलीस पकडतात का? दंड न भरता निघून आलो तर?

पकडतात, साध्या गाडीतूनसुद्धा, आणि कॅमेरे आहेत. दहापर्यंत जास्त वेग असेल तर ३० डॉलर, पुढे वाढत जातो, आणि लिमिटच्या ४० वर गेलात तर २८ दिवस गाडी चालवायला बंदी, म्हणजे ट्रिप संपली. कॅमेऱ्याचा दंड रेंटल कंपनीकडे जातो, ते वर स्वतःची फी लावतात आणि तुम्ही घरी वरण-भात खात असताना मेसेज येतो. तिथे "साहेब, जाऊ द्या ना" नावाचा प्रकार करू नका, लाच द्यायचा प्रयत्न म्हणजे खरी जेल.

दारूचं म्हणाल तर लिमिट आपल्यापेक्षा थोडं सैल आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, आपल्याकडे ३०. पण मोजणार कोण? वाइनरीला जायचं असेल तर त्या दिवशी चालवणाऱ्याने द्राक्षं खावीत.

रस्त्यात उभी स्कूल बस दिसली, मुलं चढत-उतरत असतील, तर कुठल्याही दिशेने जात असलात तरी २० च्या वर नाही. हा नियम आपल्या लोकांना माहीतच नसतो.

नॉर्थ आयलंडपण करायचं असेल तर गाडी फेरीबोटीत घालता येते का?

येते, वेलिंग्टन ते पिक्टन, साडेतीन तासांच्या आसपास. काही कंपन्या म्हणतात गाडी इकडे सोडा, तिकडे दुसरी घ्या, ते स्वस्तही पडतं. बोट हलते, उलटीची गोळी आधी घ्या. नॉर्थला ऑकलंडच्या आणि टाउरांगाच्या बाजूला टोल आहेत, नाका नसतो, कॅमेरा नंबर टिपतो, पाच दिवसांत ऑनलाइन भरायचा. विसरलात तर परत तीच कंपनीची फी.

कॅम्परव्हॅन कशी वाटते?

रोमँटिक वाटते. टॉयलेटची पेटी रिकामी करायची वेळ येईपर्यंत. चालवायला आपलं साधं लायसन्स पुरतं, पण वारा लागला की हेलकावते आणि उंची विसरून माणसं पेट्रोल पंपाच्या छताला ठोकतात. कुठेही रस्त्याकडेला झोपता येतं हा गैरसमज आहे, सेल्फ-कंटेन्ड सर्टिफिकेट (म्हणजे टॉयलेटसकट सगळी सोय आतच आहे असं) असलेली गाडी आणि परवानगी असलेली जागा दोन्ही लागतं. दोघंच असाल आणि घाई नसेल तर जा. सासू-सासऱ्यांबरोबर जाऊ नका, नाती टिकवायची असतील तर.

किआ पक्षी गाडी खातो हे खरं का?

खरं. हिरवा डोंगरी पोपट, आर्थर्स पासला आणि होमर टनेलच्या तोंडाशी हमखास. वायपरचं रबर, दाराच्या कडेचं रबर, छतावरची एरियल, काहीही सोलतो, अगदी मन लावून. महाबळेश्वरची माकडं परवडली. खायला घालू नका आणि गाडी सोडून लांब जाऊ नका.

अपघात झालाच तर?

१११ ला फोन, पोलीस, ॲम्ब्युलन्स, फायर सगळ्याला एकच. मग रेंटल कंपनीला. समोरच्याचा नंबर, फोटो. अपघातातल्या दुखापतीच्या तिथल्या उपचारांचा खर्च सरकारी एसीसी योजना टूरिस्टलाही देते, हे फार लोकांना माहीत नाही. पण आजारपण, फुकट गेलेली तिकिटं, घरी आणणं यातलं काही त्यात नाही, त्यामुळे ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच.

गाडी परत देताना काय बघायचं?

घेतानाच बघायचं खरं तर. गाडी घेतल्यावर चारी बाजू, चाकं, काच, छत, आतली सीट असा व्हिडिओ काढा, उजेडात, त्यांच्या पार्किंगमध्येच. परत देताना तसाच दुसरा, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर दिसतील असा. विमानतळाजवळ टाकी फुल करून पावती ठेवा. मागच्या वेळी पहाटे पाचला चावी पेटीत टाकून निघालो होतो, काउंटर बंद, आणि बारा दिवसांनी मेल आला की बंपरला ओरखडा आहे. आम्ही दोन्ही व्हिडिओ पाठवले, तो ओरखडा पहिल्या व्हिडिओत आठव्या सेकंदाला दिसत होता. परत मेल आला नाही.